बचावपटूस सामन्यापूर्वी खोलीत कोंडल्याबाबत

मी, सगळे ज्याला माचिस म्हणतात तो, वय २१ वर्षे, धंदा फुटबॉल क्लबात चेंडूंत हवा भरणे, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणे व जर्सी धुणे, शिक्षण कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले, राहणार मैदानामागच्या गल्लीत पाण्याच्या टाकीला लागून, पोलीस ठाण्यात हजर राहून स्वतःच्या तोंडाने सांगतो ते असे.

कॉलेज का सोडले असे हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, तासांची वेळ आणि प्रॅक्टिसची वेळ एकच होती. प्रॅक्टिस तुझी की तिची, असे त्यांनी विचारले. तिची.

ती म्हणजे आमच्या मुलींच्या संघातली बचावपटू. तिच्या पुढे चेंडू जात नाही म्हणून तिला सगळे भिंत म्हणतात. वरून आलेला चेंडू ती डोक्याने परतवते. तिच्याइतकी उंच उडी संघात कोणाची नाही.

डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला तपासल्याशिवाय परत खेळवायचे नाही, असा नियम आहे. आमच्याकडे ही तपासणी मालिशवाले काका करतात. ते पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने ते परत म्हणून घेतात. काकांचे शब्द कायम तेच असतात. लिंबू, खिडकी, घोडा, साबण, पूल. नवीन मुलगी आली की चेंडूला पाय लावायच्या आधी जुन्या मुली तिच्याकडून हे पाठ करून घेतात. बसमध्ये ते चालीवर म्हणतात, टाळ्या वाजवून. काकांना हे माहीत आहे. काका म्हणतात, "पोरींना झोपेतसुद्धा येतं, एवढी माझी तयारी."

या मोसमात तिला पहिला मार लागला तो समोरच्या मुलीच्या कोपराचा. ती उठली आणि समोरच्या संघाच्या गोलपाशी जाऊन राखण करत उभी राहिली. लोक हसले. काकांनी तपासले, तिने पाचही शब्द म्हटले, आणि ती परत खेळली.

दुसऱ्यांदा प्रॅक्टिसमध्ये तिचे आणि संघातल्या एका मुलीचे डोके एकमेकांवर आपटले. त्या संध्याकाळी मी तिला स्कूटरवरून घरी सोडत होतो. लॉन्ड्रीपाशी तिने थांबायला सांगितले, भिंतीला धरून ओकली आणि फुटपाथवर बसली. समोरून गाडीचा दिवा आला की दोन्ही हातांनी डोळे झाकत होती. मला म्हणाली, "माचिस, ऐक. मला परत लागलं तर मला मैदानात जाऊ देऊ नकोस. मी काहीही बोलले तरी. रडले, शिव्या घातल्या, लाथा मारल्या तरी. ती मी नसेन." माझ्याकडून शपथ घेतली. त्या वेळी मीही तिला काही सांगणार होतो. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

तिसऱ्यांदा मागच्या गुरुवारी, उपांत्य सामन्यात ती गोलच्या खांबावर आदळली. काका जवळ पोचायच्या आत तिने पाच शब्द म्हणून टाकले. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलेली अंतिम सामन्याच्या संघाची नावे मला वाचून दाखवायला सांगितली. अक्षरे पळतात म्हणाली.

मी प्रशिक्षक सरांना सांगितले. सर म्हणाले, "तू डॉक्टर कधी झालास रे? आधी कॉलेज तरी पूर्ण कर." मी तिच्या आईकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अरे, डोकं तिचं लहानपणापासूनच दुखतं. रविवारी मोठ्या संघाचे निवडवाले येतायत. सोमवारी दुखू दे."

आज रविवार, अंतिम सामना होता. बुटाचे तळ तपासायचे आहेत असे खोटे सांगून मी तिला सामानाच्या खोलीत बोलावले आणि बाहेरून कडी घालून कुलूप लावले. ती आतून दार बडवत होती. तिने माझ्या आईवरून शिवी दिली. ती देईल हे तिनेच सांगितले होते, म्हणून मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. सर माझ्या खिशातली किल्ली काढायला आले, तेव्हा मी हातातला लोखंडी पंप त्यांच्या तोंडावर मारला. त्यांचा पुढचा दात पडला. हे मला मान्य आहे. राग आला की मला पुढचे दिसत नाही, हेही मान्य आहे.

मैदानावरच्या दोन माणसांनी मला धरले व कुलूप काढले. ती बाहेर आल्यावर मी सर्वांसमोर म्हणालो, "तूच सांगितलं होतंस ना!"

"मी? कधी?"

"लॉन्ड्रीपाशी. ओकलीस तेव्हा."

"कुठली लॉन्ड्री?" असे विचारून तिने माझ्याकडे नीट पाहिले. ती खोटे बोलत नव्हती. मग मुलींकडे वळून म्हणाली, "मी भाव देत नाही ना, त्याचा काढतोय हा सूड. आरशात तोंड बघ म्हणावं एकदा." मुली हसल्या. एक जण म्हणाली, "माचिस ओली झाली गं."

ती पूर्ण सामना खेळली. मला रेषेबाहेर धरून ठेवले होते, त्यामुळे मी सर्व पाहिले. शेवटी कोपऱ्यातून आलेला चेंडू तिने डोक्याने मारला आणि गोल झाला. आम्ही जिंकलो. निवडवाल्यांनी तिला निवडले. ती पडली नाही. काका मला म्हणाले, "बघ, भिंतीला काय होतंय?"

सर तक्रार मागे घ्यायला तयार आहेत. अट अशी की, तिने मला असे काही सांगितले नव्हते, मी प्रेमापायी रचून सांगितले, असे मी जबाबात लिहून द्यावे. फौजदारसाहेब म्हणाले, "दे लिहून आणि जा घरी. तुझी आई कधीची बाहेर बाकावर बसलीय." मी तसे लिहून देत नाही. तिने मला सांगितले होते.

हा जबाब चालू असताना ती गळ्यात पदक घालून दारात आली आणि म्हणाली, "साहेब, मला काही झालेलं नाही. ह्याला एक कानाखाली द्या आणि सोडून द्या." सर्व हसले. हवालदारसाहेबांनी तिचे म्हणणे टिपून घेतले. ती गेली. त्यानंतर थोड्या वेळाने ती परत दारात आली, आत्ताच पोचल्यासारखी, आणि म्हणाली, "साहेब, मला काही झालेलं नाही. ह्याला एक कानाखाली द्या आणि सोडून द्या." तेव्हाही सर्व हसले. सर तोंडावरचा रुमाल काढून म्हणाले, "केवढ्या मनाची पोरगी! दोनदा माफ केलं."

हवालदारसाहेब म्हणाले, हे आधीच घेतले आहे. माझी विनंती आहे की, दुसऱ्यांदा घ्यावे. त्याप्रमाणे ते वर घेतले आहे.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, त्यात काही कमी केलेले नाही. खाली सही करतो.