नव्या मुलीच्या फंक्शनला जोडलेली अट

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बहीणभाऊ बसले होते. भावाने गालाला रुमाल धरला होता.

“ती नवी मुलगी ऑफिसात आल्यापासून साहेबांना दुसरं कुणी दिसतच नाही, ताई.”

“एवढं काय केलं तिनं?”

“काही नाही गं! आमच्या कुरिअरच्या प्रोग्रॅममध्ये पार्सल कधी पोचेल ते सांगणारं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, लिहिला. त्याला अट जोडली, की पोचायची तारीख निघायच्या आधीची आली तर उत्तर द्यायचंच नाही.”

“बरोबरच आहे की.”

“तू पण तिचीच बाजू घे! मी इतकी वर्षं राबलो, पण कौतुक हिच्या अटीचं. म्हणून काल काढूनच टाकली. म्हटलं, हिच्या अटीवाचून काही अडत नाही, ते दिसू दे सगळ्यांना.”

“मग?”

“आज सकाळी गिऱ्हाइकांना मेसेज गेले. तुमचं पार्सल उद्या निघेल, काल पोचलं.”

“अरे देवा! पण तू केलंस हे कोणाला कळणार?”

“तिथंच तर मेख आहे. ती प्रत्येक फंक्शनला माहितीही जोडते. कशासाठी आहे, कोणी लिहिलं, शेवटचा हात कोणाचा. नाव आपोआप पडतं.”

“म्हणून दात दुखतोय होय रे तुझा?”

“हळू बोल. साहेबांना तसं कळवलंय.”

“फोन वाजला बघ. साहेबांचा मेसेज?”

“तिचा. म्हणते, अट मी परत लावली, साहेबांशीही बोलले, तुम्ही दाताला जपा.”

“किती गुणी पोर आहे रे!”

“ताई, आता मात्र खरंच दुखायला लागला.”