शास्त्रीय गाणं कोणी बंद केलं?

१९९६ साल असेल. युसूफ वडगावच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होतो. शेजारी लेकीला भेटून निघालेले एक म्हातारे आणि त्यांची सून बसली होती.

“बघितलं ना, अप्पा? वन्संच्या टीव्हीवर बी सिनेमाचीच गाणी लागली.”

“तूच तिला आदी सांगून ठेवलं असशील.”

“वन्संनी सांगितल्यावर दूरदर्शन बदलतं का?”

“मग आपल्या घरी कावून बदललं? दर शनिवारी शास्त्रीय गाणं लागायचं. तू लग्न होऊन आलीस आन् बंद झालं.”

“तुमी पत्र टाकलतं की. कार्यक्रम बंद केला म्हणून उत्तर आलं.”

“पाकीट फोडलेलं होतं.”

“तुमचा चष्मा फुटलता. तुमीच मला फोडायला लावलं.”

“आन् वाचलं बी तूच.”

“अप्पा, तुमी अंघोळीला गाता, ते घरात बसून गा की. मी ऐकते.”

“कावून? तुला काय पायजे?”

“काय न्हाई. तीन महिने झाले, माझ्या हातचा चहा घेत न्हाई तुमी. तेवढा घ्या.”

एसटी आली. म्हातारे पायरीवर थांबले.

“आदी गाणं ऐक. मधीच उठलीस तर चहा न्हाई.”