बिनधुराची चूल

ग्रामीण स्त्रीच्या डोळ्यांतले पाणी पुसणे हे राष्ट्राचे पहिले कर्तव्य आहे, असे खालापूरच्या एसटी थांब्यावरचा फलक सांगत होता. त्याखाली दोघीजणी उभ्या होत्या.

"बुधे, सरकारनं दिलेली बिनधुराची चूल कशी हाय गं?"

"डोळं बरं हायत, येसूबाय. पन धूर नाय, तर छपराच्या पेंढ्याला कीड लागली. सगळा भुगा भाकरीवर पडतो."

"मग चुलीच्या अभ्यासाला आलेल्या त्या मुंबईच्या बाईला सांगायचंस!"

"सांगितलं. म्हनाली, धूर वाईट."

"आन मग?"

"तिन्हीसांजेला डास चावलं, तवा म्हनाली, बुधीबाई, जरा धूर करा."

"मेलीला लाज नाय! आन छपराचं काय म्हनाली?"

"तो प्रश्न तिच्या छापील कागदावर नव्हता."

मे महिना संपत आला होता; पाऊस तोंडावर होता.