कुलूपवाले मामा आणि वेगवान गाडी

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! भोळ्याला कुणीही फसवतं. पण संशयी माणसाला कोण फसवतं? काय म्हणता, कुणीच नाही? बरं! मग ऐका!

सोलापुरात होते एक माणिकराव. धंदा कुलपांचा. लोकांना कुलूप विकायचे, आणि घरचं कुलूप स्वतःच ओढओढून बघायचे. बायकोनं चहात साखर जास्त घातली, तरी यांच्या मनात, आज हिला काय हवंय?

अशा माणसाच्या भाचीचं, शर्वरीचं लग्न ठरलं पुण्याला. आता भाचीच्या लग्नात मामाचा मान कुठला? भटजी म्हणतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" बोहल्यापर्यंत तिचा हात मामाच्या हातात. पोरीनं बजावलं होतं, "मामा, तुम्हीच आणायचं मला!" माणिकरावांचा जीव होता हो तिच्यावर. तिथं मात्र संशय नाही!

बहीण म्हणाली, "दादा, तिकिटं मोबाइलवर काढून ठेवते." हे ओरडले, "माझं नाव, वय, आधार त्या यंत्राला? उद्या दुकान विकून मोकळे होतील!"

झालं! लग्नाच्या दिवशी पहाटे नवराबायको स्टेशनवर. ती नवी वेगवान गाडी फलाटावर उभी, चकाचक! तिकीट खिडकीतली बाई म्हणाली, "दोन जागा शिल्लक आहेत काका. देऊ?"

आता कुणीही काय करेल? घेईल! माणिकराव काय म्हणाले?

"शिल्लक? का शिल्लक?"

"कुणी काढल्या नाहीत म्हणून."

"एवढी चांगली गाडी, आणि कुणी काढल्या नाहीत? काहीतरी गोम आहे!"

बायको, वत्सलाबाई, म्हणाल्या, "अहो, घ्या ना!" पण हे बाजूला झाले. तेवढ्यात एक सफारीवाला कानाशी आला. "काका, बरं केलंत! इथं सगळे चोर."

अहाहा! माणिकरावांच्या जिवाला असा गारवा आला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या मनातलं बोललं. सफारीवाला हळूच म्हणाला, "माझ्याकडे पक्की तिकिटं आहेत. आईवडील यायचे होते, आजारी पडले. नावं कोण बघतं?" आणि आमच्या कुलूपवाल्यानं किल्लीच त्याच्या हातात दिली! पैसे मोजले, तिकिटं घेतली!

कळलं का मंडळी, संशयी माणसाला कोण फसवतं? जो त्याच्या संशयाला 'हो' म्हणतो, तो!

धावत डब्यापाशी आले. तपासनिसानं तिकिटं पाहिली. "ही कालच्या गाडीची आहेत."

"काय?" मागे वळून बघतात, तर कुठला सफारीवाला!

आणि दारातून हाक आली, "अहो, या लवकर! मी काढलीत दोन!" वत्सलाबाई! नवरा कुजबुजत होता, तेवढ्यात माउलीनं खिडकी गाठली होती! तपासनीस म्हणाला, "बाईंची तिकिटं खरी आहेत. चढा काका!"

चढायचं की नाही? एक पाऊल, मंडळी! एकच पाऊल! पण माणिकराव फलाटावरच उभे. "थांब! तुला बरी दिली तिकिटं त्या बाईनं? तुमचं सगळ्यांचं काही संगनमत तर नाही?"

खर्र... दार लागलं! नव्या गाडीचं दार आपोआप लागतं. कुणाची वाट बघत नाही. काचेआड बायको हात हलवतेय, बाहेर हे काच बडवताहेत!

पुण्याला मुहूर्त झाला. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" कुणीतरी विचारलं, "मामा कुठंयत?" वत्सलाबाई म्हणाल्या, "स्टेशनवर चौकशी करताहेत." आणि डोळे पुसून त्यांनीच भाचीचा हात धरला.

हे पोचले एसटीनं, पाठवणीला. शर्वरी पाया पडली. "मामा, अक्षता पडेपर्यंत मी दाराकडेच बघत होते." रडले हो माणिकराव, पोरासारखे रडले!

हसू नका! तुमच्यातले निम्मे इथं बसून बाहेरच्या चपलांचा विचार करताहेत. अहो, देव आज, आत्ता म्हणतोय, "जागा शिल्लक आहे, ये!" आणि तुम्ही विचारताय, "का शिल्लक आहे?" चढा बाबांनो! दार आपोआप लागतं, आणि आत आपलं माणूस आपली वाट बघत असतं. टाळी वाजवा, नाम घ्या!