गुरुवारची तालीम

"दादा, तुमच्या बँडमध्ये कुणी गात का नाही?" मैत्रिणींनी पैजच लावली, म्हणून भोसरीच्या स्टॉपवर हर्षालीने गिटारच्या पिशवीवर 'गायक नसलेला बँड' असं लिहिलेल्या दोघांना विचारून टाकलं.

"पोस्ट-रॉक आहे. शब्द नसतात, माहोल असतो."

"अठरा मिनिटांचा," दुसरा म्हणाला. "नुसत्या बास गिटारला आवाज बदलायची नऊ पेडल आहेत."

"मग ऐकवा की."

"अजून आम्हीच ऐकलेलं नाही. तालीम मामाच्या वर्कशॉपात असते, गुरुवारी. त्या दिवशी मशीन बंद असतात."

"पण गुरुवारी तिकडे लाईटही नसते."

"म्हणून तर बासवाला सोडून गेला. तू येतेस?"

"मला वाजवता येत नाही."

"चालेल. लाईट नसताना कुणाला कळतंय?"

घरी येताच तिने दप्तर टाकलं. "आई, बाबा, मी बँडमध्ये बास वाजवणार. तालीम आता गुरुवारऐवजी रविवारी, आपल्या हॉलमध्ये. आपल्याकडे लाईट असते."