मडक्यातला पाऊस

माय-बापहो, हेडमास्तरसाहेब, समोर बसलेल्या गुरुजींच्या घरच्या काकू, अन् भिंतीले टेकून मागं मागं बसलेले माह्या तांड्यातले लोकं...

माहं नाव घेतलं म्हणून उठली. बाईमाणसानं सभेत बोलाचं, अन् ते बी मी, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांले आवडलं नसन. नसू द्या. रडाचं तेवढं घरी रडून आली, इथं बोलाले आली. पण बोलू तरी काय? गुरुजींची तेरवी झाली, सारं झालं, तरी सकाळ झाली का कान तिकडंच असतात. वाटते, आता सायकलची घंटी वाजन, आता आवाज येईन, "रुपले, चहा ठेव, गूळ हात राखून टाकू नको." येत नाई आवाज.

मघापासून सारे म्हणून राह्यले, विश्वनाथ गुरुजी मोठे गणिती होते. त्यांनी शिकवलेली पोरं नागपूरले शिकाले गेली. असन तसं. मले गणित येत नाई. मले त्यांचं एकच गणित माहीत हाय, कारण ते माह्या अंगावरून गेलं. तेच सांगते. गुरुजी बोलत शुद्ध, मी सांगते माह्या तोंडानं. कोणाले बोचलं तं बोचू द्या.

महाराष्ट्र झाला त्याच्या आधीची गोष्ट. मी नवी सून होती. पुसदच्या बाजूच्या तांड्यावरून इथं आलती. तवा आपल्या तांड्याले ट्रक घ्याची हौस आली. आता हसता काहून? तवा कोणी हसत नव्हतं. आपले आजेपणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. रेल्वे आली, लदणी बसली, आपण वावराले चिकटलो. तांड्याचे नायकबापू म्हणाले, साऱ्यांनी मिळून एक ट्रक घेऊ, लोकांचा कापूस जिनिंगले नेऊ, पुन्हा लदणी सुरू करू. त्याच्यासाठी साऱ्या बायांची चांदी मोडाची ठरली. सारी. पायातलं, गळ्यातलं, काही मागं ठेवाचं नाई.

गुरुजींच्या कानावर हे गेलं. शाळा सुटल्यावर ते तांड्यावर आले. म्हणाले, "बापू, ट्रक घ्या. मी नका घेऊ म्हणत नाई. पण सारी चांदी एकाच गाडीत घालून राह्यले, तं आधी ती गाडी चालवून पाहू."

बापू म्हणाले, "गाडी आली कुठं चालवाले?"

गुरुजी म्हणाले, "मडक्यात चालवू."

लोकं म्हणे मास्तराले ऊन लागलं. पण त्यांनी म्हाताऱ्यांले ओट्यावर बसवलं अन् विचारलं, तुम्हाले आठवते तेवढी सालं सांगा. कोणतं साल पाण्याचं, कोणतं मधलं, कोणत्या साली पाणी गेलं. एक साल म्हणजे एक चिंचोका. चांगल्या सालाच्या चिंचोक्याले चुना लावला. मधल्या सालाचा तसाच ठेवला. पाणी गेलं त्या सालाच्या चिंचोक्याले काजळ. सारे चिंचोके निवडून एकाच मापाचे घेतले, बोटाले फरक कळू नये म्हणून. मग सारे मडक्यात.

आता न पाहता एक काढाचा. पांढरा निघाला तं त्या साली कापूस झाला, ट्रक भरून गेला. बिनरंगाचा निघाला तं ट्रक अर्धाच भरला. काळा निघाला तं ट्रक दारात उभा. काढलेला परत टाकाचा, मडकं हलवाचं, पुढचं साल काढाचं. असं ट्रक म्हातारा होईस्तोवर. मग सारं पुसाचं अन् पहिल्या सालापासून पुन्हा सुरू. गुरुजी म्हणाले, "परदेशात मोठाली यंत्रं हेच काम करतात. आपल्यापाशी यंत्र नाई, मडकं हाय. एकदा खेळलं का एक तांडा झाला. असे शंभर तांडे चालवू. कितींचा ट्रक टिकला, कितींचा पहिल्याच सालात बुडाला, ते पाहू. मग ठरवा, सारी चांदी घालाची का अर्धी."

नायकबापूंले एक गोष्ट पटेना. म्हणाले, "काळा निघाला तं परत कायले टाकाचा? गावाबाहेर फेकून द्या ना!"

आठवते बापू? सारे हसले होते. गुरुजी नाई हसले. म्हणाले, "पावसाले मागच्या सालाची याद नसते बापू. काळं साल गेलं म्हणून ते मडक्यातून जात नाई."

अन् मग, मडक्यात हात कोणी घालाचा? सारे म्हणाले, नवी सून. रुपलीचा हात लक्ष्मीचा हात! त्याच मिरगात नायकबापूंच्या वावरात पहिलं सरतं माह्या हातात दिलतं. बैलांमागं चालत चालत नळीतून मुठीनं बी सोडलं, अन् एकही ओळ उगवाची राह्यली नाई. माह्या सासूनं स्वतः माहा चुडा कोपरावर सरकवला अन् मले पुढं केलं.

मी हात घातला. काळा. लोकं हसले.

परत टाकला, हलवलं, पुन्हा हात घातला. काळा. आता कोणी हसलं नाई.

पुन्हा घातला. काळा.

नायकबापू उठले, पागोटं सारखं केलं. म्हणाले, "झालं. देवीनं कौल दिला."

गुरुजी आडवे आले हो! हात जोडून सांगत होते, "बापू, बसा. हा एकच तांडा झाला. असाही एखादा तांडा असतेच. बाकीचे पाहू द्या ना!" कोण ऐकते? आपल्यात कौल एकदाच मागतात. देवी बोलली, आता पुन्हा विचारलं तं तो देवीचा अपमान. गुरुजींचं गणित सारं पुन्हा पुन्हा विचाराचं, अन् आपली रीत एकदाच विचाराची. दोघांच्या मधात मी उभी होती, काळा चिंचोका मुठीत घेऊन.

ट्रक आला नाई. अन् त्या साली पाणी गेलं.

आता तुम्हीच सांगा. ट्रक घेतला असता तं चांदी गेली असती, रुपलीनं वाचवलं, असं कोणाच्या तोंडून निघालं काय? एकाच्या तरी? लोकं म्हणाले, दुष्काळ मडक्यात गप बसून होता, हिनं हात घालून बाहेर काढला. सरतं माह्या हातातून गेलं. बियाण्याच्या टोपल्याजवळून गेली तं बाया टोपलं झाकत. तण निंदाले चालत होती, कापूस वेचाले चालत होती, फक्त पेराले नाई. अवदसा म्हणत. तोंडावर म्हणत. म्हणणाऱ्या इथंच बसल्या हायेत, मी नाव घेत नाई.

मी काय लोखंडाची नव्हती. ऐकून ऐकून मलेच माह्या हाताचा भेव वाटाले लागला. पोरगी झाली तं तिले मी डाव्या हातानं भरवत होती. उजवा पाठीमागं, पदरात. एक दिवस गुरुजी अंगणात आले अन् त्यांनी ते पाह्यलं. विचारलं, "हात दुखते काय?" मी म्हटलं, "दुखत नाई गुरुजी. काळा हाय." गुरुजी तसेच सायकलकडं वळले. चहा केला तो तसाच थंड झाला.

दुसऱ्या दिवशी ते मडकं घेऊन ओट्यावर बसले. सारा तांडा बोलावला. म्हणाले, "पाहा, कोणाच्याही हातानं काळा निघते." हात घातला. निघाला पांढरा! लोकं म्हणाले, बघा, मास्तराचा हात चांगला, तिचाच वाईट. पुन्हा घातला, काळा निघाला. लोकं म्हणाले, तिनं शिवलेलं मडकं ना! गुरुजींनी कुंभाराकडून नवं मडकं आणलं. लोकं म्हणाले, हे काही ते मडकं नोहे. मग ते एकेकाले म्हणाले, तुम्ही घाला हात, तुम्ही तरी घाला. एकानं घातला नाई. एवढाले मिशीवाले गडी, चिंचोक्याले भ्याले. गुरुजी माह्यापाशी आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "पोरी, मडकं माहं होतं, अन् नाव तुह्यावर आलं. मले हे पुसता येत नाई."

पण ते तिथं थांबले नाई. काकू, तुम्ही साक्षीले हायेत. ते घरी बसून एकटेच उरलेले तांडे चालवत राह्यले. एकदा मी धीर करून विचारलं, काय निघालं गुरुजी? म्हणाले, "बऱ्याच तांड्यांचा ट्रक टिकला. काहींचा बुडाला. अर्धी चांदी घातली असती तं बुडणारेही बहुतेक तरले असते." मी विचारलं, "अन् त्यातला आपला तांडा कोणता?" म्हणाले, "ते मडकं सांगत नाई."

तवापासून ते तांडे माह्या मागं लागले. खरं सांगते. निंदता निंदता मान वर केली का वाटते, वावराच्या धुऱ्यापलीकडं दुसरा एक तांडा हाय. तिथं ट्रक येते, पोरं मागं धावतात. तिथं बी एक रुपली हाय. तिच्या हातात सरतं हाय, अन् तिची सासू तिले हाक मारून राह्यली, "ये वं, तुह्याच हातानं सुरू करू." मी पाहाले जाते तं नुसतं ऊन. लेकरं कुठं चिंचोके खेळत असली अन् तो खळखळ आवाज कानी आला, तं मी वाट बदलते. अजून बदलते. त्या दुसऱ्या रुपलीचा मले लय राग हाय. तिनं असं काय केलं होतं जे मी केलं नाई?

मिरग आला तवा गुरुजी पुन्हा आले. त्यांचं नदीकाठी थोडं वावर होतं. म्हणाले, "उद्या पेरणी हाय. सरतं तू धर." मी पायाच पडली, नको म्हटलं. ते म्हणाले, "मी गणित शिकवतो पोरी. मले स्वतःच्या वावरात भ्याची परवानगी नाई." मी धरलं. पीक आलं. पुढच्या साली धरलं, मधलं आलं. मग एका साली सारं करपलं. लोकं गुरुजींच्या दारात जाऊन सांगून आले, आम्ही म्हटलं होतं. काकू, त्या साली तुम्ही चूल कशी पेटवली ते मले ठाऊक हाय. तुम्ही मले एक शब्द बोलल्या नाई. पुढच्या मिरगात मीच तोंड लपवून बसली, तं बाहेर सायकलची घंटी. मी म्हटलं, "बुडवलं ना मी तुम्हाले, आता कायले आले?" गुरुजी म्हणाले, "पावसाले याद नाई, मग आपण कायले ठेवाची? चाल, बैल उभे हायेत."

दरसाली आले. मराच्या आधीच्या सालीही आले, दम लागत होता तरी. ह्या उन्हाळ्यात ताप आला अन् गेले. वावर आता त्यांच्या भावाकडं गेलं. भावानं मले निरोप दिला, यंदा येऊ नको. त्याचा राग नाई मले. तो बी माणूसच हाय, भ्याला.

म्हणून आज मी नुसती फूल वाहाले नाई आली. मिरग तोंडावर हाय. सारे वावरवाले इथं हायेत, तांड्यातले बी, गावातले बी. मी विचारते. यंदा कोणाच्या वावरात सरतं धरू?

कोणी बोलत नाई.

बरं. तुमची रीत एकदाच विचाराची हाय, मले माहीत हाय. पण मी गुरुजींनी शिकवलेली बाई हाय. नायकबापू, मान वर करा. पुन्हा विचारते. यंदा कोणाच्या वावरात सरतं धरू?

राहू द्या. आता उभे राहा सारे. गुरुजींसाठी गप राहाचं हाय, गप राहणं तुम्हाले जमते. काकू, तुम्ही बसूनच राहा, तुमचे पाय दुखतात. गुरुजी, रुपलीचा रामराम घ्या.

डोळे मिटा. अन् उघडले का कोणी घराकडं निघू नका. मी इथंच उभी हाय, मी पुन्हा विचारणार हाय.