मिश्र वाक्य आणि आमची ही

अहो सर, पायरीवर काय उभे राहता, आत या! काही घ्यायलाच हवं असं कुठंय — माणसानं माणसाकडं बसू नये की काय? सरका, त्या पाइपांना टेकू नका, गंज लागेल. तर मी काय म्हणत होतो — तुमचा क्लास! दोन साधी वाक्यं घ्यायची आणि त्यांचं एक मिश्र वाक्य करायचं. वा, काय विद्या! आम्ही जन्मभर पाइपाला पाइप जोडतोय, आम्हाला कुणी सर म्हटलं नाही. तुमचं ते 'विच' न् 'हू' न् 'बिकॉज' — कपलिंगच की ते! एक मेन लाइन, एक फाटा. फाटा तोडून बाजूला ठेवला तर त्यातून थेंब येत नाही. बरोबर ना? हसू नका, शाळेत मी फार टिकलो नाही, पण कान शाबूत आहेत. आमची ही रोज एवढ्या मोठ्यानं घोकते की घराच्या भिंतीसुद्धा पास होतील.

काय घोकते? ऐका. 'धिस इज अ टॅप. द टॅप इज लीकिंग.' मग जोडून — 'धिस इज द टॅप विच इज लीकिंग.' इथवर ठीक, धंद्यातलं आहे. पण परवा भाजी चिरता चिरता — 'आय हॅव अ हजबंड. ही टॉक्स टू मच.' आणि जोडलं की हो तिनं! वर मलाच विचारते, 'अहो, बरोबर आलं का?' मी म्हटलं, व्याकरण निर्दोष आहे, माहिती खोटी आहे.

बरं, तिला तुमच्याकडं पाठवलं कुणी? मीच. कंपन्यांची पत्रकं हल्ली सगळी इंग्रजीत. वाचायला माणूस ठेवला तर त्याचे नखरे कोण सोसणार? म्हटलं, घरचं माणूस शिकेल, आणि नाही शिकलं तर चार दिवसांत कंटाळून परत दुकानात माझ्यामागं बसेल. व्यापारी माणूस, दोन्हीकडून फायदा बघतो. आणि झालं काय? कुऱ्हाडीचा दांडा मीच पुरवला! चौकात ते काचेचं शोरूम उघडलंय ना, जिथं नळ दागिन्यांसारखे मांडलेत — त्यांना काउंटरवर बाई हवीय. माल ओळखणारी आणि इंग्रजीत नीट बोलणारी. माल तर हिच्या हाताखालून गेलेला. गिऱ्हाईक नुसता हात वळवून सांगतं, 'ते असं असं वाकडं असतं बघा', की ही आतून नेमका तोच सांधा आणते. राहिलं इंग्रजी — ते तुम्ही शिकवलंत! फार उपकार झाले!

म्हणून म्हणतो सर — तुम्ही घरच्यासारखे — परीक्षा घ्याल तेव्हा जरा ताणून धरा. नापास करा म्हणतोय का मी? छे छे! एवढंच म्हणा, 'बाई, पाया कच्चा आहे, आणखी थोडे महिने या.' तुमच्या न्हाणीघरातले नळ बदलून देतो. लाच नाही हो, स्नेह!

का म्हणजे? पगारासाठी जात असती तर पगार मी दिला असता. मी विचारलं, इथं कमी काय आहे? तर म्हणते, 'तिथं गिऱ्हाईक मला विचारेल आणि उत्तर मी देईन.' आता हे काय कारण झालं? इथं तिला विचारलं की उत्तर मी देतो, कारण पुढं मी बसतो! तिचीच दगदग वाचते. पाहुणे विचारतात, 'वहिनी, कशा आहात?' मी म्हणतो, 'मजेत आहे.' खोटं बोललो का? आणि हिच्या मनाचा मोठेपणा ऐका — मागं एका गिऱ्हाइकानं टाकीसाठी काहीतरी विचारलं, हिला हो, मला नाही. हिनं तोंड उघडलं, मी उत्तर देऊन टाकलं — सांधा चुकीचा दिला. ही बघत उभी! चूक दिसत होती, तरी चकार शब्द नाही! गिऱ्हाईक नखशिखान्त भिजून परत आलं, शिव्या मी खाल्ल्या. घरचं माणूस असं गप्प बसतं का, तुम्हीच सांगा. — सांगा की. तुम्ही का गप्प झालात?

काय? परीक्षा झाली? कधी — गेल्या आठवड्यात? मला कसं... आणि पहिली आली. बरं. बरं. म्हणजे दाखलाही दिलात. आणि शोरूमवाले? तेही झालं? कधीपासून जाणा— थांबा. आजपासून?

आज सकाळी चांगली साडी नेसून निघाली हो. शेजारच्या शिंप्यानं विचारलं, 'वहिनी, आज कुणीकडं?' तिनं तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, 'बाजारात.' ती हसली नुसती. गेली.

सर, तुम्ही निघा आता. नको, बसू नका, गिऱ्हाइकांची वेळ झाली. — कुठं आहेत म्हणजे? येतील. निघा म्हटलं ना!